यादीतील क्रमांक आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या फैजपूर येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी माझ्याकडे जो विषय सोपविला आहे तो ऐकून काही मंडळींस किंचित नवल वाटले असेल. आपल्या व्यासपीठावरून आजवर विद्याप्रसार, एकी, विवाहातील वायफळ खर्च अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलून गेले. मला मात्र सांगण्यात आले की, अल्प भाड्याच्या सरकारी घरासाठी अर्ज कसा करावा आणि अर्ज दिल्यानंतर त्याचा पाठपुरावा कसा ठेवावा, याविषयी चार शब्द सांगावेत. माझ्या नोकरीची बरीच वर्षे आवक-जावक नोंदवह्यांच्या सान्निध्यात गेली. त्या अनुभवाचा उपयोग घरच्या माणसांना व्हावा, एवढाच चालकांचा हेतू असावा. विषय रुक्ष आहे खरा. परंतु त्यात आपल्या मुलाबाळांच्या निवाऱ्याचा प्रश्न गुंतलेला आहे, आणि त्याहूनही अधिक, आपल्या समाजाच्या नीतीचा प्रश्न गुंतलेला आहे, असे मला वाटते.

आपल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात भाड्याने राहणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांस जवळजवळ अपरिचित होती. घर धाब्याचे असो की कौलारू, दोन खणांचे असो की चौसोपी, ते आपले असे. थोरल्याचे लग्न झाले की पडवीला भिंत घालावी, धाकट्याचे झाले की खळ्याकडची बाजू वाढवावी, असा आपला गृहनिर्माणाचा मार्ग. आता शेताच्या वाटण्या होत होत केळीचा मळा एका कुटुंबासही पुरेसा राहिला नाही. मुले भुसावळला रेल्वेत लागतात, जळगावास शिकतात, पुण्याच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत जातात. तेथे गेल्यावर प्रथम जी गोष्ट त्यांस भेडसावते ती म्हणजे भाडे. पगाराचा मोठा हिस्सा घरमालकाच्या हाती गेला म्हणजे म्हाताऱ्या आईबापांस पाठवावयास काय उरणार? म्हणूनच सरकारी क्वार्टर, शासकीय वसतिगृह, सवलतीचे घर यांची वाट घराघरांतून पाहिली जाते. अशी घरे थोडी आणि मागणारे फार. म्हणून यादी निर्माण होते.

यादी ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईचा दाखला घेऊ. १९२० साली तेथील सरकारने विकास खाते स्थापून कामकरी लोकांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्यांची संख्या सोळा हजारांच्या आसपास येऊन थांबली. एकेक खोली १६० चौरस फुटांची. पुढे १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले. १९५२ पासून केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने औद्योगिक कामगारांसाठी कमी भाड्याची घरे बांधली जाऊ लागली. १९७७ साली म्हाडाची स्थापना झाली. या साऱ्या काळात घरांची संख्या वाढली, परंतु मागणाऱ्यांची संख्या तिच्या पुढेच राहिली.

त्याच चाळींची पुढील कथा ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांचा आता पुनर्विकास होत असून, २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळी येथील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या भाड्याच्या खोलीतून ५०० फुटांच्या मालकीच्या घरात जाताना प्रत्येकास आपली पात्रता कागदाने सिद्ध करावी लागते. आजोबांच्या नावाची खोली, वडिलांच्या नावाची भाडेपावती, वारसाची नोंद, हे ज्यांनी जपले त्यांचे काम सुलभ होते. जे कागद पेटीच्या तळाशी निरुपयोगी म्हणून पडलेले असतात, ते पुढच्या पिढीस घर देऊन जातात.

आता यादीचे प्रकार पाहू. सर्व याद्या एकसारख्या नसतात, आणि आपल्या माणसांची पहिली फसगत येथेच होते. आपला क्रमांक कशाने ठरतो हे ज्यास ठाऊक नाही, त्याने यादीकडे डोळे लावून बसणे व्यर्थ होय.

पहिला प्रकार तारखेच्या ज्येष्ठतेचा. आपल्यास सर्वांत जवळचे उदाहरण भुसावळचे. मध्य रेल्वेच्या या विभागात रेल्वेच्या वसाहती आहेत आणि क्वार्टर पगाराच्या श्रेणीप्रमाणे निरनिराळ्या प्रकारांची असतात. ज्या प्रकारास आपण पात्र आहोत त्यासाठी नाव नोंदवावे लागते, आणि सामान्यतः नोंदणीच्या तारखेप्रमाणे क्रम लागतो. नोकरीस लागून पाच वर्षे झाली, पण नाव नोंदविलेच नाही, तर मागाहून आलेला परंतु आधी नोंदविलेला सहकारी पुढे जातो. त्यात अन्याय काही नाही. याउलट केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वसाहतींत, उदाहरणार्थ मुंबईच्या अँटॉप हिल येथे, पहिल्या चार प्रकारांच्या घरांसाठी केंद्रीय सेवेत रुजू झाल्याची तारीख धरली जाते. तेथे २०२० च्या डिसेंबरपासून ई-संपदा या संगणकीय व्यवस्थेत सारे काम चालते. रिकाम्या घरांची यादी प्रसिद्ध होते, पात्र कर्मचारी आपली पसंती नोंदवितात आणि ज्येष्ठतेप्रमाणे वाटप होते. पसंतीच न नोंदविणाऱ्याचे नाव यादीत असूनही घर मात्र दुसऱ्यास जाते.

येथेच हिशेबाची एक गोष्ट सांगतो. क्वार्टर फुकट मिळते असा एक समज आहे, तो खरा नव्हे. क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता बंद होतो आणि परवाना शुल्क पगारातून कापले जाते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा हा भत्ता २०२४ च्या जानेवारीपासून मोठ्या शहरांत मूळ पगाराच्या ३० टक्के, मध्यम शहरांत २० टक्के आणि भुसावळसारख्या लहान शहरांत १० टक्के झाला. म्हणजे ३०,००० रुपये मूळ पगाराचा मनुष्य भुसावळला ३,००० रुपये सोडतो, तर मुंबईस ९,००० रुपये सोडतो. बाहेर त्या रकमेत घर मिळते काय, याचा विचार करून मगच नाव नोंदवावे. शेजाऱ्याने नोंदविले म्हणून आपण नोंदवावे, आणि घर मिळाल्यावर नाकारावे, हे योग्य नाही. नाकारल्यास काही काळ अपात्र ठरण्याचाही संभव असतो.

दुसरा प्रकार गुणांच्या क्रमाचा. शासकीय वसतिगृहांतील प्रवेश गुणवत्तेप्रमाणे आणि प्रवर्गाप्रमाणे ठरतात. पहिल्या यादीतील विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर ती जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या विद्यार्थ्यास मिळते. म्हणून प्रतीक्षा यादीत नाव आले असता निराश होऊन घरी बसू नये; दुसरी व तिसरी यादी लागेपर्यंत मूळ कागद तयार ठेवून दक्ष राहावे. ज्यांच्याकडे इतर मागास वर्गाचा दाखला आहे त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी राज्यात ७२ वसतिगृहे सुरू करण्याचे शासनाचे धोरण आहे. त्यात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास तिच्यातून भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलेले आहे. लहान गावी रक्कम कमी आहे. खोलीच्या भाड्यास हातभार लावणारी ही योजना आपल्या किती घरांना ठाऊक आहे, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तिसरा प्रकार सोडतीचा. म्हाडाची घरे सोडतीने जातात. ती विक्रीची असतात, भाड्याची नव्हेत, तरीही त्यांचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण "दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता, आमचा नंबर कधी लागेल?" असे विचारणारे पुष्कळ भेटतात. सोडतीत ज्येष्ठता नसते. नाव निघाले नाही तर अनामत रक्कम परत येते आणि तो अर्ज तेथेच संपतो. पुढील सोडतीस नव्याने अर्ज करावयाचा. या अज्ञानाचा लाभ दलाल उठवितात. "तुमचा नंबर पुढे सरकवून देतो" असे म्हणणारा मनुष्य नसलेली वस्तू विकीत असतो. आपण कोणताही दलाल नेमलेला नाही, असे म्हाडा वारंवार जाहीर करीत आली आहे. आईच्या पाटल्या मोडून अशा माणसाच्या हाती पैसे देण्यापूर्वी हे वाक्य आठवावे.

याखेरीज २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी, या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक स्वतंत्र भाग ठेवलेला आहे. नोकरदार स्त्रिया, औद्योगिक कामगार, शहरात नव्याने आलेले लोक आणि विद्यार्थी यांचा त्यात विचार केलेला आहे. अशी घरे कोणत्या शहरात उभी राहतात, याकडे आपल्या बाहेरगावी असलेल्या तरुणांनी लक्ष ठेवावे.

आता अर्जाविषयी. अर्ज फेटाळला जाण्याचे सर्वसामान्य कारण अपात्रता नसून नावांतील विसंगती हे असते. आपल्याकडे तर हा दोष घरोघर आहे. शाळेच्या दाखल्यावर "पाटील", सातबाऱ्यावर भाऊकीचे मूळ आडनाव, बँकेत तिसरेच. "चौधरी" हे एकच आडनाव इंग्रजीत लिहिताना चार भाऊ चार प्रकारे लिहितात. सुनेचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. घरातल्या माणसास यात काही वावगे दिसत नाही. परंतु कचेरीतील लिपिकास, आणि आता संगणकास, ही दोन निराळी माणसे दिसतात. म्हणून अर्जाची जाहिरात निघण्याची वाट न पाहता, घरातील प्रत्येकाचे कागद एकदा चटईवर मांडून नावे ताडून पाहावीत आणि जेथे दुरुस्ती हवी तेथे ती आधीच करून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला ज्या वर्षाचा मागितला असेल त्याच वर्षाचा जोडावा. जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला यांसाठी शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरीत गर्दी करू नये.

अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. हे वाक्य मी पुन्हा उच्चारतो: अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. कागदी अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. संगणकावर भरला असेल तर अर्जक्रमांकाची छापील प्रत. घरात एक वही करावी. तिच्यात अर्जाची तारीख, क्रमांक, कचेरीचे नाव, सोबत दिलेले कागद, आणि त्यानंतर प्रत्येक भेटीची तारीख व मिळालेले उत्तर लिहावे. तीन महिन्यांतून एकदा यादी पाहावी आणि आपला क्रमांक तारखेसह टिपून ठेवावा. पत्ता बदलला, मोबाईलचा क्रमांक बदलला, कुटुंबात वाढ झाली, बदली झाली, तर लेखी कळवून त्याचीही पोच घ्यावी. माझ्या पाहण्यात एका कचेरीत असे घडले की, यादीत वर आलेल्या एका अर्जदारास पत्र गेले, ते "सदर इसम येथे राहत नाही" असा शेरा घेऊन परत आले, आणि घर पुढच्या माणसास मिळाले. तो अर्जदार त्याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडे राहत होता.

इतके करूनही क्रमांक हलत नसेल, किंवा मागचा मनुष्य पुढे गेल्याचा संशय असेल, तर काय करावे? कोणावर आरोप करीत फिरू नये. कायद्याने दिलेले साधन वापरावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याप्रमाणे १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करता येते. अर्जात रागाचे शब्द नसावेत, केवळ तीन प्रश्न असावेत. माझ्या नावाची नोंद कोणत्या तारखेस झाली व आजचा माझा क्रमांक काय? गेल्या सहा महिन्यांत माझ्या प्रकारातील किती घरांचे वाटप झाले? ज्यांना ती मिळाली त्यांच्या नोंदणीच्या तारखा काय आहेत, आणि क्रम सोडून दिले असल्यास कोणत्या नियमाखाली? या तीन प्रश्नांच्या उत्तरांत सारी यादी उघडी होते. पुष्कळदा उत्तरातून असे दिसते की पुढे गेलेला मनुष्य अपंग होता, किंवा अत्यावश्यक कामावर होता, आणि नियमाप्रमाणेच पुढे गेला. मग मनातील किल्मिष तरी दूर होते. आणि तसे नसेल तर हाती पुरावा येतो. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवा व दाखले यांस मुदत ठरलेली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभा आहे तेथे येतो, आणि काही स्पष्ट बोलावे लागले तर आपण घरचा माणूस समजून ऐकून घ्याल अशी आशा करतो.

आपल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे, आपल्यातून मोठ्या हुद्द्यावर चढलेल्या गृहस्थांकडे, ज्ञातिबांधव येतात आणि म्हणतात, "अण्णा, साहेबांस एक चिठ्ठी द्या, पोराचा नंबर तेवढा पुढे घ्यायला सांगा." मागणाऱ्याची अडचण खरी असते. नाही म्हणणे कठीण जाते. नाही म्हटले तर "आपल्या माणसासाठी एवढेही करीत नाहीत" असा बोल लागतो. परंतु क्षणभर यादीकडे पाहा. तिच्यात एक क्रमांक वर गेला की त्याच्या वरचा एक खाली येतो. तो कोण? कोणा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या ज्ञातीचा, कदाचित आपल्याच ज्ञातीचा, परंतु ज्याच्या मागे कोणी अण्णा नाहीत असा मनुष्य. त्याचीही बायको भाड्याच्या खोलीत दिवस मोजीत असते. चिठ्ठीने मिळविलेले घर हे त्याच्या ताटातून उचललेली भाकर आहे. शिवाय चिठ्ठीचा मार्ग एकदा मोकळा झाला म्हणजे उद्या आपल्याहून बलवान माणसाची चिठ्ठी येईल आणि आपलाच मुलगा खाली ढकलला जाईल. अल्पबळ माणसाचे यादी हेच बळ होय. ती मोडण्यास आपण हातभार लावणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणे होय.

दुसरी गोष्ट त्याहून अप्रिय. घर मिळाल्यावर ते सोडण्याची वेळ येते तेव्हा आपण कसे वागतो? रेल्वेत निवृत्तीनंतर साधारणतः चार महिने नेहमीच्या शुल्कात आणि आणखी चार महिने वाढीव शुल्कात क्वार्टर ठेवता येते. त्यानंतर दंडाचे भाडे लागू होते. तरीही स्वतःचे घर बांधून झालेले असताना क्वार्टर अडवून ठेवणारे, किंवा क्वार्टर दुसऱ्यास भाड्याने देऊन स्वतः गावी राहणारे लोक सर्वच समाजांत सापडतात. पोटभाडेकरू ठेवणे हा शिस्तभंगाचा अपराध आहे, हे तर खरेच. परंतु त्याहीपेक्षा, असे प्रत्येक अडलेले घर यादीतील शेवटच्या कुटुंबास एक-दोन वर्षे अधिक ताटकळत ठेवते. घर मागताना न्याय हवा असेल, तर सोडतानाही न्याय दाखविला पाहिजे.

मग मंडळाने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. चिठ्ठी देणे सोडून मंडळाने साहाय्य द्यावे. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, महिन्यातून एक सायंकाळ मंडळाच्या कार्यालयात अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवावी. संगणक जाणणारी आपली महाविद्यालयीन मुले-मुली हे काम आनंदाने करतील, आणि येणाऱ्याची ज्ञात विचारू नये. दुसरी, वसतिगृहे, आधार योजना, घरांच्या सोडती यांच्या मुदतीच्या तारखा मंडळाच्या फलकावर ठळक अक्षरांत लावाव्यात. तिसरी, ज्या कुटुंबांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांची एक नोंदवही ठेवावी आणि कोणाचा क्रमांक अकारण अडला असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून द्यावा. या कामास पैसा थोडा आणि चिकाटी फार लागते.

आपल्या गावास चिकाटीचा वारसा आहे. १९३६ च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन याच फैजपुरात झाले. नंदलाल बोस यांच्या कल्पकतेतून बांबू आणि गावच्याच साहित्याचे टिळकनगर उभे राहिले आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी देह झिजविला. ज्या गावाने साऱ्या देशातून आलेल्या पाहुण्यांची सोय लावली, त्या गावास आपल्या लेकरांचे अर्ज नीट भरून देणे आणि त्यांचा क्रमांक प्रामाणिकपणे सांभाळणे अवघड जाऊ नये.

भगिनींनो, शेवटी एक विनंती आपणांस. घरातील कागद बहुधा आपल्याच हाती जपले जातात. ती वही आपण ठेवा. पुरुषमंडळी ओळखीपाळखी शोधीत फिरतील. आपण मात्र तारीख, क्रमांक आणि पोच सांभाळा. घर यथाकाल मिळेल, आणि ते मिळाले तेव्हा कोणाचे हिरावून घेतले नाही, हे समाधानही मिळेल.